काळी कवडी

कौस्तुभने नोकरी सोडल्याचं मयेकरांच्या गोतावळ्यात दसऱ्यानंतर कळलं आणि भाऊबीजेपर्यंत ज्याने त्याने त्याचं आपापलं कारण शोधून ठेवलं. बाबाजीमामांच्या मते यात कुठेतरी मुलगी होती. जावई अभिनवच्या मते पगारवाढ अडली असणार. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती मावशींनी 'नजर लागी छे' म्हणून मीठमिरच्याही उतरवून टाकल्या होत्या. सुरुचीला यातलं काहीच पटत नव्हतं. तिचा भाऊ लहानपणी काड्यापेट्यांच्या सोंगट्या करून स्वतःशीच खेळायचा, स्वतःशीच हरायचा आणि वर रुसून बसायचा. मीरा रोडला पटावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत तो लागला तेव्हा बाबा हयात होते, ते म्हणाले होते, मांजराला दुधाच्या डेअरीत नोकरी मिळाली. अशी डेअरी मांजर आपणहून सोडत नाही.

तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि सुपारी-अंगठी फिरवून तबक हातात घेतलं.

"आता सांग. ओवाळताना खोटं बोलू नये."

"असा नियम कधीपासून?"

"आजपासून. का सोडलीस?"

"कंटाळा आला गं ताई."

"तुला? खेळांचा?"

"ओवाळ ना. ज्योत विझेल."

शेजारच्या पाटावर बाबाजीमामा आपल्या बहिणीकडून, म्हणजे कौस्तुभच्या आईकडून, हंसाकडून, ओवाळून घेत होते. त्यांचं तोंड बासुंदीच्या वाटीकडे आणि कान भाच्याकडे होते.

"आमच्या वेळी माणूस नोकरी सोडत नव्हता," ते म्हणाले. "गिरणीच आम्हाला सोडून गेली. तुझा बाप आणि मी फाटकाबाहेर उभे राहिलो, तरी वाटायचं, आत बोलावतील. तुला आत बोलावलेलं असताना तू बाहेर आलास. हे मला समजव."

"मामा, दुसरी शोधतोय ना."

"शोधतोयस म्हणजे हातात नाही."

"बाबाजी, तोंड गोड कर आधी," हंसा म्हणाली. "माझ्या मुलाचं वकीलपत्र अजून तुला दिलेलं नाही मी."

मामा हसले, पण हंसा हसली नाही. गेले तीन आठवडे ती मुलाला काही विचारत नव्हती. सकाळी चहा पुढे ठेवताना त्याच्याकडे बघायची, एवढंच. सुरुचीला आईचा राग आला. या घराची खोडच ती. जे दुखतं ते कपाटात वर, चादरींच्या मागे ठेवायचं आणि पुरणावर तूप वाढायचं. रोहितदादाचं तेच केलं होतं.

रोहित थोरला. नऊ वर्षांचा असताना मुर्ध्याच्या मिठागरांजवळ खाडीत बुडाला. तेव्हा बिऱ्हाड स्टेशनच्या पश्चिमेला, मुर्धा गावाच्या वाटेवरच्या चाळीत होतं. सुरुची पहिलीत होती आणि कौस्तुभ अजून रांगतही नव्हता. दत्ताराम मयेकरांनी, म्हणजे बाबांनी, त्यानंतर रुळांच्या अलीकडे, इंद्रलोक वसाहतीत घर घेतलं, कारण इथल्या कुठल्याच खिडकीतून खाडी दिसत नव्हती. त्याचा फोटो लावला नाही. त्याचं नाव काढलं नाही. नाव निघायचं ते वर्षातून एकदाच, भाऊबीजेच्या दुपारी, खेळात.

खेळ त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावचा, दत्तारामांनी आपल्या आईकडून घेतलेला. फरशीवर खडूने खाडी काढायची, अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, मध्ये घरं. प्रत्येकाची एक कवडी, ती त्याची होडी. पाच अर्धे चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं पुढे. दुसऱ्याची होडी तुमच्या घरात आली की तुम्ही बुडालात, पुन्हा काठावरून सुरुवात. रोहित गेला त्या वर्षी कुणी खेळलं नाही. पुढच्या भाऊबीजेला दत्तारामांनी एक कवडी बुटाच्या पॉलिशने काळी केली आणि खाडीच्या ऐन मध्यावर ठेवली. 'हा रोहित,' ते म्हणाले. 'याच्याजवळ जो थांबेल त्याला कुणी बुडवायचं नाही.' एवढंच बोलून त्यांनी चिंचोके टाकले. तेव्हापासून ती कवडी मध्यावर ठेवायचा मान सुरुचीचा होता. त्या घरात पोहोचलेला माणूस म्हणायचा, 'रोहितजवळ थांबलो', आणि क्षणभर सगळ्यांना बरं वाटायचं.

* * *

अभिनवला पार्किंग मिळत नव्हतं म्हणून तो अजून खाली होता. कौस्तुभ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती नोकरीची नव्हती. दिवाळीच्या आधी कंपनीने 'डोह' नावाचा नवा खेळ बाजारात आणला होता. तो खोका या घरात येता कामा नये, आणि आईच्या नजरेला तर कधीच पडता कामा नये.

गेल्या वर्षी गणपतीला त्याचे साहेब, स्वप्नील सर, दर्शनाला आले होते. साहेब घरी आले म्हणून आईला कोण आनंद. तिने मोदक वाढले, तूप वाढलं, नको नको म्हणताना आणखी वाढलं. आणि सर खेळ बनवतात म्हटल्यावर, भाऊबीज नसताना, खडू घेऊन फरशीवर खाडी काढली. कौस्तुभ वरच्या मजल्यावर आरतीला गेला होता. परत आला तेव्हा सर मांडी घालून बसले होते आणि आई हळू आवाजात काहीतरी सांगत होती. काळी कवडी तिच्या तळहातावर होती. त्याला तेव्हा भरून आलं होतं. वाटलं, चला, आई कुणाशी तरी बोलली.

पुढच्या सोमवारी सरांनी ऑफिसात तोच पट मांडला.

"इमोशन आहे यार यात. पण सेफ घर बोअर होतं. मधला तो पोरगा होड्या खाली ओढतोय, असं केलं तर? सोच."

"सर, तो माझा भाऊ आहे."

"नाव कुठे देतोय आपण?"

तो भांडला. हरला. तरी आत राहिला, कारण आत राहून नियम बदलून घेऊ असं त्याला वाटत होतं. लोकांना खेळायला बसवून जेव्हा जेव्हा चाचणी झाली, तेव्हा तेव्हा त्याने मधलं घर सुरक्षित ठेवून बघितलं, आणि दर वेळी लोकांनी जांभया दिल्या. पोरगा ओढायला लागला की तीच माणसं ओरडून हसायची. छापून आलेला पहिला खोका त्याच्या टेबलावर ठेवला, त्या दिवशी तो उठला आणि परत गेला नाही.

घरात कारण सांगायचं म्हणजे आईला सांगायचं, की तू पाहुण्याला जे दिलंस त्याचं त्यांनी हे केलं. त्यापेक्षा कंटाळा आला म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी आळशी म्हटलं तरी चालेल.

बेल वाजली. अभिनव आत आला, एका हातात मिठाई आणि दुसऱ्या हातात मोठी कागदी पिशवी.

"आई, आज पंगत लवकर उठवा," त्याने बूट काढता काढता सांगितलं. "आज खडूची गरज नाही. मी आपला खेळ विकत आणलाय."

* * *

अभिनव वाईट माणूस नव्हता. सासुरवाडीत जावयाने थोडं वाजवून बोलावं अशी त्याची समजूत होती, तेवढं सोडलं तर साधा माणूस. मॉलमध्ये त्याला खोका दिसला, मागच्या बाजूला मेव्हण्याच्या कंपनीचं नाव दिसलं आणि 'कोकणच्या खाडीतला पारंपरिक खेळ' असं वाचून त्याचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, घरच्यांसमोर कौतुक झालं की कौस्तुभचं डोकं ठिकाणावर येईल, परत जाईल कामावर.

"भावोजी, ते नंतर बघू," कौस्तुभ पुढे झाला. "द्या इकडे."

"अरे लाजतोस काय? मामा, बघा तुमच्या भाच्याचं काम." त्याने प्लॅस्टिक फाडलं आणि झाकण मामांच्या मांडीवर दिलं. "बघा, चित्र काय भारी आहे."

झाकणावर काळं हिरवं पाणी होतं. पाण्यातून एक मुलगा वर बघत होता, केस ओले, हात वरच्या होडीच्या तळाला लागलेला. एका पायात निळ्या पट्ट्याची चप्पल होती, दुसरा अनवाणी.

"चप्पल बापाची घालून आलाय वाटतं," अभिनव हसला. "पायापेक्षा केवढी मोठी. आता नियम ऐका, इंग्लिशमध्ये आहेत, मी सांगतो. खाडी पार करायची. आपल्यासारखंच. फक्त मध्ये हा बसलाय. बुडालेला पोरगा. याच्या शेजारी जो थांबेल त्याला हा खाली ओढणार, आणि मग..."

"अभिनव, पुरे," सुरुची म्हणाली.

"का? काय झालं?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी काळी कवडी म्हणजे घरातला कुणीतरी गेलेला लहान मुलगा, एवढंच त्याला माहीत होतं. कसा गेला ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुचीने सुद्धा नाही.

बाबाजीमामांनी झाकण मांडीवरून बाजूला केलं. रोहितला ज्या दिवशी चिखलातून वर काढलं, त्या दिवशी दत्तारामांच्या सोबत ते होते. पोराचे पाय त्यांच्याच हातात होते. ते कधी यावर बोलले नव्हते आणि आताही त्यांना त्यावर बोलायचं नव्हतं, म्हणून ते भाच्यावर घसरले.

"हे तू केलंस?"

कौस्तुभने आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती.

"हो," तो म्हणाला. "मी ऑफिसात सांगितलं. मग त्यांनी असं केलं. म्हणून सोडली नोकरी. झालं समाधान?"

"तू सांगितलंस." सुरुचीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुला दादा आठवत तरी होता का रे? मला आठवतो. मला शाळेत सोडायला यायचा. तो माझा आहे. तू माझ्या भावाला बाजारात मांडलंस, आणि मी आत्ता तुला ओवाळलं."

"चुकलं माझं."

"बापाने पॉलिश लावलं त्या कवडीला," मामा म्हणाले. "दत्तारामच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी दोनदाच बघितलं, त्यातलं एक तेव्हा. आणि तू ती दुकानात नेलीस. नोकरीसाठी?"

"चुकलं म्हटलं ना मामा. काय करू अजून? पाया पडू?"

"नको. तुझ्या पाया पडण्याने काय होणार आहे?"

सुरुचीने पर्स उचलली. अभिनव पिशवी हातात घेऊन मध्येच उभा होता, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसा चेहरा करून. "मला कुणी सांगितलं का कधी?" एवढंच तो पुटपुटला, आणि खरं तर त्या खोलीत तेवढं एकच वाक्य सगळ्यांना लागू होतं.

* * *

हंसाने ताट ओट्यावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन झाकण उचललं. चष्मा डोक्यावर होता, तो खाली ओढला. बराच वेळ ती चित्र बघत राहिली.

"चित्र कुणी काढलं?" तिने विचारलं.

"ऑफिसात एक मुलगी आहे," कौस्तुभ म्हणाला. "आई, ठेव ना ते."

"तिला कुणी सांगितलं, असं काढ म्हणून?"

"सर सांगतात."

"आणि सरांना तू सांगितलंस."

"हो. म्हटलं ना."

"काय सांगितलंस?"

"हेच. की खाडीत बुडाला म्हणून."

"आणि चपलेचं?"

"कसली चप्पल?"

हंसाने मान हलवली. मुलगा आपल्यासाठी खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि ते किती दिवसांपासून चाललंय तेही कळलं. तीन आठवडे तो तिच्यासमोर बसून मामाचे, शेजाऱ्यांचे, सगळ्यांचे बोल खात होता. गप्प बसली असती तर आजही त्याने खाल्ले असते. तिला क्षणभर गप्प बसावंसं वाटलंही. इतकी वर्षं तिने तेच तर केलं होतं.

"सुरुची, पर्स ठेव," ती म्हणाली. "यातलं त्याने काहीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं."

"आई..."

"तू थांब रे. बाबाजी, त्याला वर काढलंत तेव्हा पायात काय होतं?"

मामांनी खाली बघितलं. "एकच चप्पल. आक्का, आज कशाला?"

"दुसरी बांधावर होती. चिखलात रुतलेली. तुम्ही सगळे पाण्याकडे बघत होतात, मी ती उचलली आणि पदराखाली घेतली. यांनाही कधी दाखवली नाही." ती पाटावर बसली, मगाशी जिथे भावाला ओवाळलं त्याच पाटावर. "मोठी होती ती. दोन नंबर मोठी. गणपतीत घेतली होती मीच, वाढत्या पायाची म्हणून. हे म्हणाले, मापाची घे, पोरगं अडखळेल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा कुठे घेत बसू. त्या बांधावर पाय सरकला असेल तर चपलेनेच सरकला असेल."

सुरुचीच्या हातातून पर्स कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. आपल्यालाही आई नेहमी मोठीच फ्रॉकं, मोठेच बूट घ्यायची, आणि रोहितदादा गेल्यावर एकाएकी सगळं मापाचं यायला लागलं, हे तिला आत्ता आठवलं. तेव्हा तिला आनंदच झाला होता.

"म्हणून तू सरांना..." कौस्तुभ म्हणाला.

"त्याने विचारलं रे," हंसा म्हणाली. "कवडी हातात घेतली आणि म्हणाला, काकू, कसा होता हो तो? असं कुणी विचारलंच नव्हतं मला. या घरात तर नाहीच. मी त्याला सगळं सांगितलं. भेंडी खायचा नाही, झोपेत हसायचा. चपलेचंही सांगितलं. तो ऐकत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, मी बघितलं. मला वाटलं, बाप्पानेच पाठवला." तिने चष्मा काढला. "काय ऐकत होता ते मला नाही कळलं."

"आई, तुझी काही चूक नाही यात."

"तुझी तरी काय होती? मग तू का घेतलीस अंगावर?"

सुरुची भावाजवळ जाऊन बसली. त्याच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं, ते तिने बोटाने नीट केलं. अभिनव खोका पिशवीत घालू लागला, पण झाकण हंसाच्या हातात होतं आणि ते तिच्याकडून मागायची त्याला हिंमत होईना.

"केस करू आपण," मामा म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक वकील आहे."

"कसली? मोदक वाढून मीच दिलं ते." हंसाने झाकण पालथं करून बाजूला ठेवलं. "जेवून घ्या सगळे. पुऱ्या गार झाल्या. मग मांडू."

"आज नको गं आई," सुरुची म्हणाली.

"आज नाही तर कधी? खेळलो नाही तर त्याचं नाव कोण घेणार?"

* * *

जेवणं झाली. कुणी नीट जेवलं नाही. कौस्तुभने खडूने खाडी काढली, त्याचा हात दत्तारामांइतका सरळ नव्हता. सुरुचीने देव्हाऱ्याच्या खणातून काळी कवडी आणली, फुंकर मारली आणि मध्यावर ठेवली. दर वर्षी ती कवडीकडे धड न बघताच ठेवून द्यायची. आज तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

खेळ सुरू झाला तसे मामा थोडे मोकळे झाले. चिंचोक्यांच्या मोजणीवरून भांडणं हा त्यांचा जुना हक्क होता. अर्धवट कलंडलेला चिंचोका पांढरा धरायचा की काळा, यावरून त्यांनी एके काळी दत्तारामांशी महिनाभर अबोला धरला होता. आजही त्यांनी अभिनवचं एक घर कमी केलं, आणि अभिनवने ते मुकाट्याने मान्य केलं. सुरुचीची होडी बुडाली. कौस्तुभची बुडाली. कौस्तुभला प्रत्येक डावाला ऑफिसातली ती हसणारी माणसं ऐकू येत होती. इथे कुणी हसत नव्हतं.

हंसाची पाळी आली. तिची होडी मध्यापासून पाच घरं अलीकडे होती आणि मागे एकाच घरावर बाबाजीमामांची. तिने चिंचोके दोन्ही हातांत खुळखुळवले आणि टाकले.

पाचही पांढरे पडले. रोहितचं घर.

दर वर्षी अशा वेळी ती कवडी पटकन पुढे न्यायची. 'रोहितजवळ थांबले गं बाई,' म्हणायची आणि तो डाव संपेपर्यंत तिथून हलायची नाही. सगळे वाट बघत होते. हंसाने कवडी उचलली. एक घर, दोन, तीन, चार. तिचा हात काळ्या कवडीच्या अलीकडे थांबला.

"ओढणार नाही गं तो, आई," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला."

तिने कवडी चौथ्या घरात ठेवली, जिथे तिला कुणीही बुडवू शकत होतं.

"चारच पडले," ती म्हणाली.

पाच चिंचोके सगळ्यांच्या समोर पांढरे पडलेले होते. सुरुचीने बाबाजीमामांकडे बघितलं. मामांनी चिंचोके गोळा केले आणि मुठीत घट्ट धरले.

"हो आक्का," ते म्हणाले. "चारच."